तालमीतून सुईच्या टेबलावर: बेळगाव भागातल्या पैलवान, धावपटू आणि कलाकारांसाठी ॲक्युपंक्चर

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात अंग दुखायला लागलं की माणूस आधी मालिशवाल्याकडे जातो, मग हाडवैद्याकडे, मग मेडिकलमधून गोळी आणतो. हे सगळं करून झालं की कोणीतरी सुचवतं, "एकदा सुया टोचून बघ." त्यामुळे ॲक्युपंक्चरकडे येणारा पैलवान, भरतीसाठी पळणारा मुलगा किंवा भरतनाट्यम शिकणारी मुलगी बहुतेक वेळा महिना-दोन महिने दुखणं अंगावर काढून आलेली असते. सुई हा शेवटचा उपाय नाही, आणि पहिला तर नाहीच. कोणत्या दुखण्यात तिचा उपयोग, कधी ती टाळायची, आणि सुईच्या आधी-नंतर काय करायचं, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला नीट माहीत असायला हवं.

ॲक्युपंक्चर म्हणजे केसासारख्या बारीक सुया ठरावीक जागी (त्यांना बिंदू म्हणतात) टोचून काही वेळ तशाच ठेवणं. मूळ विद्या चिनी. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बिजोय कुमार बसू पुढे ही विद्या तिथे शिकले आणि त्यांनी ती भारतात आणली. जुनी कंबरदुखी, मानदुखी, खांदा, गुडघ्याची झीज, डोकेदुखी यांत तिचा उपयोग दिसतो, पण तो मध्यम असतो. नकली सुया टोचून केलेल्या चाचण्यांशी तुलना केली तर खऱ्या सुयांचा फायदा थोडाच जास्त भरतो. तुटलेला लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा), सांध्यातली फाटलेली गादी किंवा मोडलेलं हाड सुईने जुळत नाही. सुई दुखणं उतरवते, आखडलेला स्नायू सैल करते. दुखणं उतरलं की त्या दिवसांत योग्य व्यायाम करून घ्यायचा, हेच तिचं खरं काम.

पहिली पायरी: हे दुखणं सुईचं आहे का?

घोटा मुरगळला असेल तर स्वतःच तपासा. मार लागल्यावर लगेच, आणि आता तपासतानाही, लंगडत का होईना चार पावलं टाकता येत नाहीत का? घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाची मागची कड, खालच्या टोकापासून वर ६ सेंटीमीटरपर्यंत, बोटाने दाबली तर दुखते का? पायाच्या बाहेरच्या कडेला मधोमध, करंगळीच्या रेषेत, जे हाड बाहेर आल्यासारखं लागतं ते किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड दुखतं का? चार पावलं टाकता येत नसतील किंवा यातली एकही जागा दुखत असेल तर आधी एक्स-रे, सुईचं नंतर बघू.

मानेचं प्रकरण याहून गंभीर. पूल (डोकं टेकवून मानेवर अंग तोलणं) करताना किंवा डावात मान दबली आणि एका हातात वीज गेल्यासारखं होऊन मिनिटभरात उतरलं, तर त्या दिवशी माती बंद. मुंग्या दोन्ही हातांत आल्या, हातातली ताकद गेली किंवा पाय जड झाले, तर मान न हलवता दवाखाना. कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जायचं, सकाळची वाट बघायची नाही. डोक्याला मार लागून उलटी होत असेल, सांधा लाल-गरम होऊन ताप असेल, यांतही सुई नाही.

पैलवानांच्या कानाबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागतं. घासून कान फुगला की तालमीत कोणीतरी सिरिंज आणून तो फोडतो. हे करू नका. बाहेरच्या कानात हाड नसतं, कुर्चा असते, आणि तिला रक्त वरच्या कातडीकडून मिळतं. मधे साचलेलं रक्त त्या दोघांना वेगळं करतं, म्हणून कुर्चा मरते आणि कान कायमचा गड्ड्यासारखा होतो. घरच्या सिरिंजने त्यात पू होण्याची भर पडते. दोन-तीन दिवसांच्या आत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून ते रक्त काढून, वर दाबाची पट्टी बांधून घ्यायची. ॲक्युपंक्चरचं इथे काही काम नाही.

दुसरी पायरी: पहिले ४८ तास चोळू नका

मुका मार किंवा लचक लागल्यावर आपल्याकडे पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, आणि चोळल्याने त्या जास्त वाहतात. सूज वाढते, दुखणं लांबतं. मांडीला गुडघ्याचा जोरदार मार बसला असेल तर धोका आणखी मोठा: साचलेल्या रक्तावर जोरात मालिश झाली तर स्नायूच्या आत हाड तयार होऊ शकतं. मग गुडघा पूर्ण वाकत नाही आणि बैठका महिनोन्‌महिने बंद होतात.

त्याऐवजी बर्फाचे खडे ओल्या रुमालात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. बर्फ थेट कातडीवर ठेवला तर कातडी भाजते. क्रेप बँडेज बोटांच्या बाजूने वर बांधत न्यायचं. बोटं निळी-गार पडली तर सैल करायचं. झोपताना पाय उशीवर. हाडवैद्याकडे जायचंच असेल तर आधी एक्स-रे काढून मोड नसल्याची खात्री करून घ्या. सुजलेल्या जागेत सुई या दोन दिवसांत टोचून घेऊ नका. थांबल्याने काही बिघडत नाही.

तिसरी पायरी: कोणाकडे जायचं

केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१९ साली ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे, म्हणून कोल्हापूर-गडहिंग्लजकडे जाणाऱ्यांनी त्या परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. इकडे कर्नाटकात बीएनवायएस, म्हणजे निसर्गोपचार आणि योगाची साडेपाच वर्षांची पदवी घेतलेले डॉक्टर भेटतात. त्यांच्या अभ्यासक्रमात ॲक्युपंक्चर असतं. काही फिजिओथेरपिस्ट "ड्राय नीडलिंग" करतात. सुई तीच, पण ते आखडलेल्या स्नायूच्या गाठीत टोचतात, चिनी बिंदू बघत नाहीत. खेळाच्या दुखण्यात दोन्ही चालतात. चार दिवसांचं शिबिर करून प्रमाणपत्र भिंतीवर लावलेल्याकडे मात्र जाऊ नका.

खोलीत गेल्यावर सुईचं पाकीट बघा. ते सीलबंद असावं, त्यावर मुदतीची तारीख असावी आणि ते तुमच्यासमोर फोडलं जावं. पाकिटावर ०.२५ × २५ किंवा ०.२५ × ४० असे आकडे असतात: पहिला जाडी, दुसरा लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. हात-पाय-मानेला छोटी, कुल्ल्याला आणि मांडीला लांब. सुई एकदाच वापरायची आणि वापरून झाली की झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकायची. स्टीलच्या ट्रेमधून, स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेली सुई कोणी उचलली तर तिथून उठून या. स्पिरिटने सुई निर्जंतुक होत नाही, आणि कावीळ बी अशाच सुईतून पसरते.

आपल्या भागात डॉक्टर किंवा सिस्टर कानडी असण्याची शक्यता बरीच, आणि "दुखतंय" एवढं सांगून भागत नाही. नोवु म्हणजे दुखणं, उरी म्हणजे आग होणं, जुम्मु म्हणजे मुंग्या. "साकु" तर सगळ्यांना येतंच. सुई सहन होईना की तेवढा एक शब्द पुरतो.

चौथी पायरी: जाण्याआधी

उपाशी जाऊ नका. दीड-दोन तास आधी चपाती-भाजी, पोहे असं हलकं खाऊन जा. टेबलावर चक्कर येऊन घाम फुटण्याचं एक नेहमीचं कारण रिकामं पोट. वजन उतरवायला दिवसभर पाणी बंद केलेल्या पैलवानाने त्या दिवशी सुई घेऊच नये. सरावावरून थेट जाऊ नका. अर्धा तास थांबा, साबणाने अंघोळ करा. आखाड्याच्या हौद्यातल्या मातीत तेल, ताक, हळद मिसळलेली असते. ती कातडीच्या रंध्रांत राहिली तर सुईबरोबर आत जाऊ शकते. मातीत खेळणाऱ्याने धनुर्वाताचं इंजेक्शन दर १० वर्षांनी घेतलेलं असावंच.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, फिट येणं, पेसमेकर, निकेलची ॲलर्जी, मधुमेह, कावीळ होऊन गेलेली, पाळी चुकलेली: यातलं काहीही असेल तर आधी सांगा. गरोदरपणात हाताच्या अंगठ्याजवळचा आणि घोट्याच्या वरचा असे काही बिंदू टाळले जातात. काही ठिकाणी सुयांना हलकी वीज जोडतात. पेसमेकर असेल तर ती जोडायची नाही.

गजकर्ण असेल तर तेही लपवू नका. तालमीत ते एकमेकांच्या अंगाला लागून पसरतं. त्या जागेवर सुई नाही, कपिंग (कातडीवर पेले लावून ती ओढून घेणं) नाही.

पाचवी पायरी: टेबलावर

पहिल्या वेळी झोपूनच सुई घ्या, बसून नाही. चक्कर आली तरी पडायचा प्रश्न येत नाही. सुई आत जाताना मुंगी चावल्यासारखं होतं. मग डॉक्टर ती किंचित फिरवतात तेव्हा आत जडपणा, ओढ किंवा खोल ठसठस जाणवते. चिनी वैद्यकात ही जाणीव हवीशी मानतात. पण विजेचा झटका पायाच्या बोटापर्यंत गेला तर सुई नसेला, म्हणजे मज्जातंतूला, लागली आहे. लगेच सांगा, ती मागे घेतली जाते. पहिल्यांदा ६ ते १० सुया पुरतात आणि त्या १५ ते ३० मिनिटं ठेवतात. या वेळात अंग हलवू नका. स्नायू ताठला तर सुई अडकते किंवा वाकते. अडकलीच तर स्वतः ओढू नका. डॉक्टर बाजूला हलकं दाबून किंवा जवळच दुसरी सुई टोचून स्नायू सैल करतात.

एका जागेबद्दल विशेष जपायला हवं. खांद्यावर जिथे कावड टेकते, मान आणि खांद्याच्या टोकाच्या मधोमध, तिथे एक फार वापरला जाणारा बिंदू आहे. ढोल वाजवणाऱ्यांची आणि पैलवानांची गाठ नेमकी तिथेच असते, आणि त्याच्या खालीच फुप्फुसाचं टोक येतं. सुई सरळ खाली खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं. सडपातळ मुलांमध्ये धोका जास्त. जाणकार माणूस तो स्नायू चिमटीत धरून, उचलून, आडवी आणि उथळ सुई टोचतो. पाठीच्या वरच्या भागात, खवाट्याच्या आत, तीच काळजी. सुई घेतल्यावर काही तासांनीसुद्धा श्वास घेताना छातीत टोचलं, धाप लागली, कोरडा खोकला सुरू झाला तर "गॅस झाला असेल" म्हणून बसू नका. सुई घेतल्याचं सांगून रुग्णालयात छातीचा एक्स-रे काढून घ्या.

नडगी, गुडघा, खांदा

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यामुळे इथल्या गावागावांत मुलं पहाटे डांबरी रस्त्यावर १.६ किलोमीटरचा सराव करतात, आणि नडगीचं दुखणं सगळ्यांत जास्त त्यांच्यात. इथे एक फरक ओळखता आला पाहिजे. नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या भागात, चार-पाच बोटं लांबीचा पट्टा दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर ते कमी होत असेल, तर तो हाडाच्या आवरणावरचा ताण आहे. एकाच बोटाखाली मावेल एवढी जागा दुखते, त्या पायावर उडी मारली की कळ येते, रात्री झोपेतही ठसठसतं, तर हाडाला बारीक चीर असण्याची शंका घ्या. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये ती बहुतेक वेळा दिसत नाही, म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढ्यावर पळू नका. अशा नडगीवर सुई टोचून दुखणं दाबलं आणि मुलगा भरतीच्या मैदानात उतरला, तर चीर पूर्ण मोड होऊ शकते. एका भरतीसाठी पायच जायचा. असं होऊ देऊ नका.

साधा ताण असेल तर दोन आठवडे पळणं थांबवून सायकल, आणि पोटरीचे बिंदू. त्यातला एक हाताने सहज सापडतो: टाच उचलली की पोटरीचे दोन भाग खाली जिथे उलट्या व्हीसारखे मिळतात, तो खड्डा. दुसरा गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या खळगीपासून चार बोटं खाली, नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर. घरी सुई नाही, पण अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबायला हरकत नाही. खरं औषध टाचा उचलण्याचा व्यायाम: भिंतीला हात लावून १५ वेळा, तीन फेऱ्या, दिवसाआड. मग पळणं परत सुरू करताना मैदानावर, एक दिवस सोडून, आणि आधीच्या अर्ध्या अंतरापासून.

टाचेच्या मागची जाड दोरीसारखी शीर (अकिलिस टेंडन), मधल्या भागात, जुनी दुखत असेल तर पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची: १५ वेळा तीन फेऱ्या, सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. शीर चिवट होते ती या भाराने. सुईने नुसती कळ उतरते.

नृत्याच्या मुलींचा गुडघा बहुतेक वेळा अरमंडीतून, म्हणजे पाय बाहेर वळवून अर्धं बसण्यातून, दुखतो. पाय खुब्यातून बाहेर वळवण्याऐवजी गुडघ्यातून आणि घोट्यातून ओढला जातो. आरशासमोर उभं राहून बघा: वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवी. सिमेंटच्या फरशीवर टाचा आपटत केलेला सराव दुखणं वाढवतो. लाकडी फळ्या किंवा जाड रबरी चटई घाला. नाचणाऱ्या आणि पळणाऱ्या मुलींपैकी कोणाची पाळी सलग तीन महिने बंद असेल तर सुईच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि पोटभर जेवण. कमी खाऊन जास्त सराव केल्यानं पाळी जाते आणि हाडं ठिसूळ होतात.

ढोल-ताशा, झांज आणि लेझीमवाल्यांचं दुखणं मनगट आणि खांद्याचं असतं. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीत रात्रभर वाजवायचं असेल तर सराव महिनाभर आधी सुरू करा, ढोलाचा पट्टा रुंद घ्या. बाकी सगळं वरच्याप्रमाणेच.

सुई झाल्यावर

त्या दिवशी कुस्ती, जोर-बैठका, पूर्ण ताकदीचा सराव नाही. संध्याकाळी चाललं तर चांगलं. काही जणांना झोप येते, म्हणून लगेच मोटारसायकल चालवू नका. सुईच्या जागी छोटा निळा डाग पडला तर चिंता नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथे लाली वाढत गेली, गरम लागलं, पू आला, तर डॉक्टर. माती ४८ तासांनंतरच अंगाला लावा. "वस्ताद, अंगावर सुया झाल्यात, परवा येतो," एवढं सांगितलं की समजूतदार वस्ताद अडवत नाहीत.

कपिंग सोबत करतात, म्हणून दोन शब्द. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जलतरणपटू मायकल फेल्प्सच्या खांद्यावरचे गोल डाग सगळ्यांनी पाहिले. तसे डाग आठवडाभर, कधी जास्तही, राहतात. पाठ उघडी राहणारी चोळी घालून कार्यक्रम असेल किंवा लंगोटावर कुस्तीच्या फडात उतरायचं असेल तर दहा दिवस आधीपासून कपिंग बंद.

सलाईन, चूर्ण आणि डोपिंग

ॲक्युपंक्चरला जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे वाडाची, मनाई नाही. पण त्याच दवाखान्यात थकव्यावर सलाईन लावून घेणं अंगाशी येऊ शकतं: १२ तासांत १०० मिलिलीटरपेक्षा जास्त सलाईन, रुग्णालयातला उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणीचा भाग असल्याशिवाय, नियमात बसत नाही, आणि आपल्याकडची साधी बाटली ५०० मिलिलीटरची असते. सांध्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन २०२२ पासून स्पर्धेच्या काळात बंद आहे. काजरा, ज्याला कुचला म्हणतात, त्याच्या बियांत स्ट्रिक्नीन असतं आणि ते बंदी असलेल्या यादीत आहे. संधिवातासाठी मिळणाऱ्या विषतिंदुक वटीत कुचलाच असतो. कोणतंही चूर्ण-गोळी घेताना घटक वाचा, डबीचा फोटो काढून ठेवा.

किती सिटिंग, आणि कधी

आठवड्यातून एक किंवा दोन, एकूण सहा, एवढं धरून चाला. एक छोटी वही घ्या. रोज सकाळी उठल्यावर दुखणं ० ते १० मध्ये किती, आणि एक ठरलेली हालचाल, जसं दहा बैठका, एका पायावर पाच उड्या किंवा मिनिटभर अरमंडी, केल्यावर किती, हे लिहा. झोप किती तास झाली तेही लिहा. झोप अपुरी असेल तर दुखणं जास्त जाणवतं, मग दोष सुईला दिला जातो.

माघ-फाल्गुनापासून जत्रांचे फड सुरू होतात, म्हणून सुरुवात त्याआधी सहा आठवडे करा. फडाच्या किंवा कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी शेवटचं सिटिंग. आदल्या दिवशी पहिल्यांदाच सुई घेऊ नका. काहींचं अंग दुसऱ्या दिवशी जड राहतं. रंगमंचावर जाण्याआधी मळमळत असेल तर मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधे, अंगठ्याने दोन मिनिटं दाबा.

सहा सिटिंगनंतर वही उघडा. आकडा दोननेही उतरला नसेल तर सातवं सिटिंग घेऊ नका. तीच वही घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.